दाराशी थंडी वाजलीच पाहिजे

हिवाळ्यात सायकलने कामावर जाणाऱ्याला लोक हमखास विचारतात, "थंडी नाही का वाजत?" प्रश्नात काळजी असते, थोडं कौतुक असतं आणि हिचं डोकं ठिकाणावर आहे ना, अशी एक बारीक शंकाही असते. खरं सांगायचं तर वाजते. पहिली आठ-दहा मिनिटं चांगलीच वाजते आणि ती वाजायलाच हवी. दारातून बाहेर पाऊल टाकताना ज्याला मस्त उबदार वाटतं, तो पहिल्या चढाला उकडणार आणि मुक्कामी पोचेपर्यंत आतून भिजणार, हे ठरलेलं.

बरेच हिवाळे सायकलवर काढल्यावर माझं मत असं झालंय की या सगळ्या खटाटोपात थंडीचा नंबर दुसरा लागतो. पहिला प्रश्न पाण्याचा. कोरडा माणूस भल्याभल्या थंडीला पुरून उरतो, ओला माणूस दहा अंशांतही काकडतो. पाणी हवेच्या जवळपास २४ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. कपड्याच्या धाग्यांमध्ये अडकलेली हवा हीच खरी ऊब, आणि तिची जागा पाण्याने घेतली की कपडा कितीही जाड असो, त्यात काही अर्थ राहत नाही. आता हे पाणी तीन वाटांनी येतं. आभाळातून, रस्त्यावरून आणि आपल्याच कातडीतून. आपली सगळी चिंता आणि सगळा खर्च पहिल्या वाटेवर होतो. दुसरी लक्षात येते ती पाठीवर चिखलाचा पट्टा उमटल्यावर. तिसरी तर घरचीच, म्हणून तिच्याकडे कुणी बघतही नाही. मला मात्र तिच्याबद्दलच सगळ्यात जास्त बोलायचं आहे.

स्वस्थ बसलेलं शरीर साधारण १०० वॉट उष्णता टाकत असतं. पेडल मारताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात, तिच्यातली जेमतेम २० ते २५ टक्के चाक फिरवण्याच्या कामी येते. उरलेली सगळी उष्णता. म्हणजे पेडलवर १०० वॉट जोर लावत, फार घाई न करता चाललं, तरी अंगात ३०० ते ४०० वॉट उष्णता तयार होते. बसल्या जागी होते तिच्या तिप्पट-चौपट. कपड्यांच्या दृष्टीने बघितलं तर दारात कुलूप लावणारी मी आणि दोन किलोमीटर पुढे गेलेली मी, या दोन वेगळ्या बायका आहेत. एकीला स्वेटर हवा, दुसरीच्या अंगात शेगडी पेटलेली. एकाच वेळी दोघींची सोय होत नाही, मग सोय कुणाची बघायची? जी जास्त वेळ सायकलवर असणार तिची. दारातलीने दात वाजवावेत, तिचा त्रास दहा मिनिटांचा.

हे पटतं सगळ्यांना, पण दारात उभं राहिल्यावर कुणी ऐकत नाही. थंडी समोर उभी असते आणि घाम अजून व्हायचा असतो. जे समोर आहे त्याचंच माणूस ऐकणार. म्हणून मी कपडे दारात ठरवतच नाही, आदल्या रात्री खुर्चीवर काढून ठेवते. सकाळी त्यात भर घालायची नाही, एवढाच नियम. खिडकीबाहेर हात काढून अंदाज घेणंही बंद केलंय, कारण अंथरुणातून नुकत्याच निघालेल्या हाताला सगळंच बर्फ वाटतं.

घामाचं गणित एकदा करून बघण्यासारखं आहे. एक ग्रॅम घाम वाळायला साधारण २,४०० ज्यूल उष्णता लागते. जास्त कपडे घालून अर्धा-पाऊण तास सायकल चालवली तर कपड्यांत १०० ग्रॅम घाम मुरणं काही मोठी गोष्ट नव्हे, अर्धी वाटी पाणी. हा घाम पुढच्या तासाभरात अंगावरच वाळायचा, तर त्याला सतत सुमारे ६७ वॉट लागणार. आणि आता तुम्ही पेडल मारत नाही आहात, खुर्चीत बसला आहात, अंगात तयार होतात सगळे मिळून १०० वॉट. थोडी उष्णता खोलीतली हवा देईल, हे मान्य. तरी पोचल्यानंतर अर्ध्या तासाने, चांगल्या बंद खोलीत बसून जी हुडहुडी भरते, तिचं नवल वाटायला नको. घाम अंग थंड करण्यासाठीच असतो. तो आपलं काम चोख करतो, फक्त आपल्याला नको तेव्हा करतो.

इथे सुती बनियन सगळ्यात जास्त घात करतो. सुती कापड अंगाला मऊ, उन्हाळ्यात त्याच्यासारखं सुख नाही. पण ते घाम पितं आणि धरून ठेवतं. ओलं झालं की पाठीला चिकटतं आणि मग दिवसभर सोडत नाही. लोकरीचं तसं नाही. लोकर आपल्या वजनाच्या ३० टक्क्यांच्या आसपास ओलावा पोटात घेते आणि तरीही हाताला ओली लागत नाही, शिवाय वाफ शोषून घेताना थोडी उष्णता बाहेर टाकते. अंगालगत पातळ लोकरीचा किंवा घाम पुढे ढकलणारा पॉलिस्टरचा थर, एवढ्याने निम्मं काम होतं. पॉलिस्टर लवकर वाळतं, पण त्याला वास फार पटकन येतो. ज्यांच्या शेजारी बसून दिवस काढायचा आहे त्यांच्या दृष्टीने लोकर बरी. लोकरीला कसर लागते, ती धुवायची कटकट असते आणि ती महाग पडते, पण अंगालगतच्या त्या एका कपड्यावर खर्च करावा असं माझं ठाम मत आहे. वरच्या जॅकेटच्या किमतीत हयगय केली तरी चालेल.

घाम टाळण्याचं सगळ्यात उपयोगी यंत्र म्हणजे झिप. चढावर आपण ताशी आठ-नऊ किलोमीटरने जातो. वारा जवळजवळ नसतो आणि शेगडी पूर्ण पेटलेली असते. उतारावर वेग ३५ वर जातो, पाय फिरायचे थांबतात, शेगडी विझते आणि वारा मात्र जोरात. म्हणजे जिथे उष्णता तयार होते तिथे वारा नाही, आणि जिथे वारा आहे तिथे उष्णता नाही. हे उलटं गणित सोडवायला एकच उपाय, उघडझाप. चढ दिसताक्षणी, अजून थंडी वाजत असतानाच, झिप गळ्यापासून छातीपर्यंत खाली. उकडायला लागल्यावर उघडली तर उशीर झालेला असतो, घाम सुटलेला असतो. माथ्यावर पोचलं की उतार सुरू व्हायच्या आधी झिप वर, हनुवटीपर्यंत. सवयीच्या रस्त्यावर हे आपोआप होतं. कुठल्या कोपऱ्यावर हात गळ्याकडे जातो ते बोटांनाच ठाऊक असतं. म्हणून सायकलसाठी कपडा घेताना मी आधी झिप बघते. हातमोजा घातलेल्या हाताने, न बघता, एका ओढीत ती खालपर्यंत यायला हवी. तिच्या टोकाला दोरीचा लांब गोंडा नसेल तर घरी बांधून घ्यायचा.

वाऱ्याबद्दल एक गंमत. वारा असला की थंडी किती 'जास्त' वाटते, याचा पहिला नीट माग काढला तो अंटार्क्टिकात. पॉल सिपल आणि चार्ल्स पॅसेल या दोघांनी प्लास्टिकच्या नळकांड्यात पाणी भरून ते वाऱ्यात टांगलं आणि गोठायला किती वेळ लागतो ते मोजलं. त्यांचा निबंध १९४५ मध्ये आला. नळकांड्याला कातडी नसते, रक्त नसतं, त्यामुळे आकडे जरा भडक यायचे. २००१ मध्ये अमेरिका आणि कॅनडाने नवं सूत्र आणलं. त्यासाठी माणसांना थंड हवेच्या बोगद्यात चालवून त्यांच्या चेहऱ्यांचं तापमान मोजलं होतं. या सूत्राने शून्य अंशाला ताशी २० किलोमीटरचा वारा उणे पाच वाटतो. पण यात सायकलवाल्यासाठी एक मेख आहे. सूत्रातला वारा जमिनीपासून दहा मीटर उंचीवर मोजलेला असतो. चेहऱ्याच्या उंचीवर तो बराच मंदावतो, आणि सूत्राने ते गृहीत धरलेलं आहे. आपण सायकलवर २० च्या वेगाने जातो तेव्हा मात्र पूर्ण २० चा वारा थेट तोंडावर घेतो, आणि तोही हवा अगदी पडलेली असताना. या सूत्राच्या तक्त्यात आपला रकाना त्यामुळे ताशी ३० च्या आसपास, म्हणजे उणे सहा-सात. समोरून खरा वारा असला तर त्यात तोही मिळवा.

पण वाऱ्याची एक गोष्ट चांगली. तो अडवायला फार थोडं लागतं, आणि तेही फक्त पुढून. जुन्या काळचे शर्यतींतले सायकलपटू घाटमाथ्यावर प्रेक्षकांच्या हातातलं वर्तमानपत्र घेऊन जर्सीच्या आत छातीवर सारायचे आणि उतार काटायचे. कागदाचे दोन-चार पदर, त्यात ऊब ती काय असणार? पण वारा आत येत नाही आणि आतली ऊब बाहेर जात नाही. याच तत्त्वावर आता पुढून वारा न शिरणारी आणि पाठीला विरळ विणीची जॅकेटं मिळतात. माझ्या मते कोरड्या थंडीत यापलीकडे काही लागत नाही. पाठ उघडी असली की घामाला जायला वाट मिळते. पाठीवरची सॅक मात्र ही वाट बुजवून टाकते. कितीही जाळीदार असो, सॅकखाली पाठ ओली होतेच. सामान कॅरिअरला लावलेल्या पिशवीत टाकलं की घामाचा निम्मा प्रश्न काही न करता सुटतो. लोक जॅकेट बदलत बसतात आणि सॅक तशीच ठेवतात, हे मला कधी कळलेलं नाही.

आता आभाळातल्या पाण्याकडे वळू. पाऊस सरळ पडतो हा उभ्या माणसाचा समज. दोन मिलिमीटरचा थेंब सेकंदाला साधारण साडेसहा मीटरने खाली येतो, आणि ताशी २० ने जाणारी सायकल सेकंदाला साडेपाच मीटर पुढे जाते. दोन्ही एकत्र केले तर सायकलवाल्याला पाऊस सुमारे ४० अंश तिरपा, समोरून येतो. म्हणून मांड्या आधी भिजतात, मग छाती, मग तोंड. पाठ बराच वेळ कोरडी असते. जॅकेटवरून ओघळलेलं पाणी मांडीवर उतरतं आणि बसल्यावर पोटाशी जी घडी पडते तिच्यात साचतं. हेल्मेटच्या पट्ट्यावरून एक थेंब हनुवटीपर्यंत येतो, तिथे थांबतो आणि मग नेमका कॉलरच्या आत. या एका थेंबाला मी अजून तोड शोधू शकलेले नाही.

पाणी आत येऊ न देणारं कापड करणं ही काही अलीकडची गोष्ट नाही. चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३ मध्ये दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर घालण्याचं पेटंट घेतलं. पाणी आत येत नव्हतं, पण घामही बाहेर जात नव्हता. थंडीत ते कापड ताठ व्हायचं, उन्हात चिकट व्हायचं. रबरावर गंधकाची प्रक्रिया आल्यावर ताठपणा आणि चिकटपणा गेला, घामाचं दुखणं मात्र तसंच राहिलं. मग १९६९ मध्ये रॉबर्ट गोरला असं दिसलं की टेफ्लॉनची तापवलेली कांडी हळू ओढली तर तुटते आणि झटक्यात ओढली तर कितीतरी पट लांबते, आतून अतिबारीक छिद्रांची होऊन. त्यातून गोरटेक्स हे जॅकेटांत वापरायचं पातळ पटल आलं. पाण्याच्या थेंबाला ही छिद्रं फारच लहान, वाफेच्या रेणूला ऐसपैस. कागदावर प्रश्न सुटला.

रस्त्यावर तो पुरता सुटत नाही. हे पातळ पटल वाफ सोडतं हे खरं, पण पेडल मारणारं शरीर जेवढी वाफ तयार करतं तेवढी सोडत नाही. त्यात पावसात जॅकेट बाहेरून थंडगार झालेलं असतं. आतली वाफ त्या गार भिंतीला लागते आणि तिथेच पाणी होते. लोक म्हणतात जॅकेट गळतं, आणि बहुतेक वेळा ते गळत नसतं, ते त्यांचंच पाणी असतं. दुसरं असं की बाहेरच्या कापडावर पाणी न धरणारा एक लेप असतो, त्यामुळे थेंब मोत्यासारखे घरंगळून जातात. हा लेप मळाने, घर्षणाने झिजतो, खांद्यावर पट्टा घासतो तिथे सगळ्यात आधी. मग बाहेरचं कापड पाणी पितं, गडद दिसायला लागतं आणि वाफेची वाट जवळपास बंद होते. धुवायला टाळाटाळ करू नये. मळ निघाला आणि सूचनेवर लिहिलं असेल तेवढ्या उष्णतेवर वाळवलं, तर लेप बराचसा परत जागा होतो. पूर्वी या लेपात फ्लोरिनची टिकाऊ रसायनं असत. ती मातीत आणि पाण्यात वर्षानुवर्षं तशीच राहतात म्हणून आता बऱ्याच कंपन्यांनी सोडली आहेत. नवे लेप तेलकट मळाला लवकर हार जातात, त्यामुळे धुणं आणखीच महत्त्वाचं.

मला स्वतःला रोजच्या प्रवासासाठी काखेत मोठ्या झिपा असलेलं साधं जॅकेट, महागड्या पटलापेक्षा जास्त उपयोगी वाटतं. भोक ते भोक, त्याची बरोबरी कुठलंही कापड करू शकत नाही. कमी अंतराला आणि कमी वाऱ्याला तर अंगावरून हँडलपर्यंत पसरणारी केप सगळ्यात उत्तम. खालून पूर्ण उघडी, त्यामुळे घामाचा प्रश्नच नाही, आणि मांड्याही झाकल्या जातात. दिसायला बावळट दिसते आणि आडवा वारा आला की आपल्याला रस्त्याच्या मध्यापर्यंत नेऊन सोडते, म्हणून उघड्या पुलावर तिच्या नादी लागू नये.

रस्त्यावरच्या पाण्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण उपाय ठरलेला आहे. मडगार्ड. पूर्ण लांबीचे, दोन्ही चाकांना, कायमचे बसवलेले. मागचं चाक पाठीवर पट्टा काढतं म्हणून मागचा मडगार्ड सगळे लावतात. पायांचे शत्रुत्व मात्र पुढच्या चाकाशी असतं. ते जमिनीवरचं पाणी उचलून थेट बुटांवर आणि चेनवर मारतं, पाऊस थांबून दोन तास झालेले असले तरी. त्यासाठी पुढच्या मडगार्डला खाली रबराची झडप हवी, रस्त्यापासून चार बोटांवर येईल इतकी लांब. ही झडप नसली तर कुठलेही बूट घाला, पाय ओले. असली तर साधे बूटही निभावतात. जाड प्लास्टिकच्या बाटलीचा तुकडा कापून, दोन भोकं पाडून लावला तरी काम तेच होतं. पायांसाठी एवढा परिणाम करणारी दुसरी कुठलीही वस्तू मला माहीत नाही.

हातापायांची बोटं हा वेगळाच विषय. अंगात शेगडी पेटलेली असली तरी तिची ऊब बोटांपर्यंत पोचतेच असं नाही. शरीराला थंडी जाणवली की ते आधी पोटातल्या अवयवांची काळजी घेतं, बोटांचं रक्त आखडतं. शिवाय सायकलवर हाताची बोटं काही कामच करत नाहीत, नुसती ब्रेकच्या गार धातूवर टेकलेली असतात, वाऱ्याच्या अगदी पुढ्यात. म्हणून बोटं गार पडली की जाड मोजे शोधण्याआधी मी मान, छाती आणि मनगटं झाकलेली आहेत का ते बघते. छाती उबदार झाली की रक्त आपोआप बोटांकडे सुटतं. सायकलवाल्यांना हा अनुभव रोजचा आहे. पहिली दहा मिनिटं बोटं ठणकतात, आणि मग एकाएकी त्यांत ऊब उतरते, मुंग्या येतात, आणि पुढचा सगळा रस्ता ती छान राहतात. याच्याच जवळपासची एक गोष्ट थॉमस लुईस या ब्रिटिश वैद्याने १९३० मध्ये नोंदवली होती. बर्फाच्या पाण्यात बोट बुडवलं तर पाच-दहा मिनिटांनी आखडलेल्या रक्तवाहिन्या आपसूक सैल होतात, बोट गरम होतं, मग पुन्हा आखडतं, पुन्हा सैल होतं. सगळ्यांच्या बोटांत हे सारखं होत नाही. ज्यांची बोटं थंडीत पांढरीफटक पडून बधिर होतात, त्यांनी दहा मिनिटं कळ काढण्याचा हा सल्ला मनावर घेऊ नये, डॉक्टरला विचारावं.

हातमोज्यांत चार बोटं एकत्र राहणारे सगळ्यात उबदार, कारण बोटं एकमेकांना ऊब देतात. पण त्यांनी ब्रेक नि गिअर नीट धरता येत नाहीत. दोन-दोन बोटांच्या जोड्या करणारे मोजे मिळतात, दिसायला खेकड्याच्या नांगीसारखे, तो मधला मार्ग. सगळ्यांवर मात करणारी वस्तू म्हणजे हँडलच्या टोकांवर चढवायच्या मोठ्या खोळी. हात त्यात घालायचा, आत ब्रेक, आत गिअर, वारा बाहेर. कडक थंडीतही आत पातळ मोजे पुरतात. सायकलची शान जाते, जाऊ दे.

पावसात बाही मोज्याच्या वर की मोजा बाहीच्या वर, हा वाद घालणारे लोक मी पाहिले आहेत. हात खांद्यापासून हँडलकडे उतरता असतो, पाणीही तसंच उतरणार. बाही मोज्याच्या वर हवी, नाहीतर सगळं पाणी मोज्यात. हाच न्याय पँट आणि बुटांना. पँट बुटावर उतरायला हवी. वॉटरप्रूफ बुटात वरून पाणी शिरलं तर ते बाहेर जायला वाट नसते, मग घोट्यापर्यंत आपलंच तळं घेऊन पेडल मारत बसायचं. आणि एकदा मोजे भिजले की ओला हात बाहेर काढताना आतलं अस्तर बोटांबरोबर उलटं बाहेर येतं. मग ती पाच बोटं पुन्हा जागच्या जागी बसवायची म्हणजे संयमाची परीक्षा. संध्याकाळी निघताना, घाईत, अंधारात, करंगळीचं अस्तर सापडत नाही तेव्हा तोंडात जे येतं ते लिहिण्यासारखं नसतं. मोजा काढताना एका हाताने प्रत्येक बोटाचं टोक चिमटीत धरून थोडं थोडं ओढायचं, किंवा अस्तर आतून शिवलेलेच मोजे घ्यायचे.

पायांना जाड मोजे घालून बूट घट्ट झाले तर पाय आणखी गार पडतात. रक्ताला जागा हवी, आणि बोटांभोवती थोडी हवाही. एक नंबर मोठा बूट आणि एकच बरा लोकरी मोजा, हे दोन मोज्यांपेक्षा चांगलं. डोक्याबद्दल एवढंच की निम्मी उष्णता डोक्यातून जाते ही समजूत खोटी आहे. मोठ्या माणसाच्या कातडीचा साधारण दहावा हिस्सा डोक्यावर असतो आणि उष्णताही त्याच हिशेबात जाते. हेल्मेटखाली कान झाकणारी पातळ टोपी पुरे. जाड कानटोपीवर हेल्मेट नीट बसत नाही, आणि ते नीट न बसणं थंडीपेक्षा वाईट.

पोचल्यावरचं काम मात्र टाळू नये. ओला थर लगेच बदलायचा, आणि तो पिशवीत कोंबायचा नाही. संध्याकाळी ओला बनियन अंगावर चढवण्याइतकी शिक्षा दुसरी नाही. बुटांची तळवी काढून वेगळी ठेवायची, आत वर्तमानपत्राचे बोळे घालायचे, तासाभराने बदलायचे. हीटरला चिकटवून ठेवलेले बूट बाहेरून वाळतात, आतून ओलेच राहतात आणि वर त्यांचा डिंक सुटतो. कामाच्या जागी एक कोरडा मोज्यांचा जोड कायम ठेवायचा, लागला तर लागला.

माझ्या अनुभवात उणे दहाचा कोरडा दिवस सोपा आणि अधिक दोनचा पावसाळी दिवस सगळ्यात अवघड. कोरड्या थंडीत बाहेरून पाणी येतच नाही, फक्त आतलं सांभाळायचं. फिनलंडमधलं औलू हे आर्क्टिक वर्तुळाच्या थोडं खाली असलेलं शहर हिवाळी सायकलिंगसाठी ओळखलं जातं. २०१३ मध्ये हिवाळी सायकलिंगची पहिली जागतिक परिषद तिथे भरली. तिथे लोक एवढ्या थंडीत सायकल चालवतात कारण सायकलचे रस्ते नेमाने साफ होतात, त्यांना दुसऱ्याच कुठल्या मातीचं घडवलेलं नाही. कपड्यांनी जे होत नाही ते बर्फ काढणाऱ्या गाडीने होतं. पाऊस पडता पडता रस्त्यावर गोठतो, त्या दिवशी मात्र मी सायकल काढत नाही. टायरला धातूचे खिळे असतील तरच त्या काचेवर जावं, नाहीतर बस असते.

शेवटची गोष्ट पंक्चरची. सगळी व्यवस्था पाय फिरत राहतील या भरवशावर उभी असते. पाय थांबले की शेगडी काही मिनिटांत विझते, आणि अंगावर कपडे तर मुद्दाम कमी घातलेले. म्हणून पिशवीच्या तळाशी एक जाड, हलकं जॅकेट हवं, सायकल चालवताना कधीही न घालायचं. पंक्चर झालं की टायरला हात लावायच्या आधी ते अंगावर. आधी चाक काढू, मग घालू, असं म्हणणाऱ्याला नंतर झिप लावायलाही बोटं साथ देत नाहीत. ट्यूब बदलली, हवा भरली, चाक बसलं की जॅकेट काढून परत पिशवीत. कुडकुडत असताना अंगावरचा उबदार कपडा उतरवणं जिवावर येतं, इतक्या वर्षांनी अजूनही येतं. तरी काढायचं, पिशवीचा बंद आवळायचा आणि पुढच्या चढाकडे बघत पेडल मारायला लागायचं.